कंपनी विकली जातेय आणि तुमच्याकडे ईसॉप आहेत? मग हा हिशोब आधी लावा

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या महापेच्या ऑफिसात सगळ्यांना कॅफेटेरियात बोलावलं आणि सांगितलं की कंपनी विकली गेली, १८० कोटींना. टाळ्या, केक, सगळं झालं. संध्याकाळी कोपरखैरण्याहून ठाण्याची ट्रेन पकडली आणि घणसोली यायच्या आत माझा मोबाईलवर हिशोब तयार होता. माझे ६,००० ऑप्शन (ईसॉप म्हणतात ते हेच, कंपनीचा शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचा कर्मचाऱ्याचा हक्क), कंपनीचे एकूण ५० लाख शेअर, म्हणजे शेअरला ३६० रुपये, त्यातून एक्सरसाइज प्राइस, म्हणजे तो ठरलेला भाव, १० रुपये वजा, हातात २१ लाख. ऐरोली येईपर्यंत कासारवडवलीच्या टू बीएचकेचं डाउन पेमेंट झालेलं होतं, दिघा गावला मी मॉड्युलर किचन निवडत होतो.

प्रत्यक्षात पहिल्यांदा बँकेत आले ते ४,०४,८२०.

कोणी फसवलं वगैरे नाही, सगळं कागदावर होतं, मी वाचलं नव्हतं एवढंच. त्यानंतर ऐरोली, घणसोलीच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फोन करून हेच विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी सीए नाही. मोठी रक्कम असेल तर सीएकडे जाच, पण जाताना काय विचारायचं ते माहीत असलं तर त्याचा वेळ आणि तुमची फी दोन्ही वाचतं.

१. आधी बघा, तुमच्याकडे शेअर आहेत की ऑप्शन

निम्मा गोंधळ इथेच असतो. "माझ्याकडे कंपनीचे शेअर आहेत" असं आपण सहज म्हणून टाकतो, पण ईसॉप म्हणजे शेअर नाही, ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क आहे. पायऱ्या अशा: ग्रँट (हक्क दिला), व्हेस्टिंग (हक्क पिकला), एक्सरसाइज (पैसे भरून शेअर घेतला), आणि मग विक्री. आपल्याकडच्या कंपनी कायद्यात ग्रँट आणि व्हेस्टिंगमध्ये किमान एक वर्ष जावं लागतं, बाकी वेळापत्रक कंपनी ठरवते, बहुतेक ठिकाणी चार वर्षं.

म्हणजे डीलच्या दिवशी तुमच्याकडे तीन ढीग असू शकतात: एक्सरसाइज करून घेतलेले खरे शेअर, व्हेस्ट झालेले पण न घेतलेले ऑप्शन, आणि अजून व्हेस्ट न झालेले. तिघांचं नशीब वेगळं, टॅक्सही वेगळा. एका कागदावर तीन आकडे लिहा. माझे होते ०, ४,५०० आणि १,५००. एकवीस लाखांतले सव्वापाच लाख इथेच गेले, कारण मी कच्चे आंबेपण पेटीत मोजले होते.

२. डील कसली आहे ते विचारा

"कंपनी विकली" या एका वाक्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी लपतात.

शेअर खरेदी असेल तर विकत घेणारा प्रत्येक शेअरधारकाकडून शेअर घेतो आणि पैसे देतो, हे आपल्यासाठी सगळ्यात सरळ. दुसरा प्रकार, धंदाच विकला, म्हणजे कंपनीने आपली मालमत्ता, सॉफ्टवेअर, ग्राहक दुसऱ्याला दिले, यात पैसा कंपनीच्या खात्यात जातो, तुमच्या नाही, आणि तुमचे शेअर त्या रिकाम्या खोक्याचे शेअर म्हणून तसेच राहतात जोपर्यंत कंपनी डिव्हिडंड देत नाही, बायबॅक करत नाही (म्हणजे आपलेच शेअर परत विकत घेत नाही) किंवा गुंडाळली जात नाही. (बायबॅक होणार असेल तर टॅक्स वेगळा विचारा, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो कंपनीवरून काढून शेअरधारकावर टाकलाय.) तिसरा प्रकार, एनसीएलटीतून (कंपन्यांच्या न्यायाधिकरणातून) मर्जर, ज्यात जुन्या शेअरच्या बदल्यात नवीन कंपनीचे शेअर मिळतात.

इथे एक खड्डा आहे. एनसीएलटीच्या स्कीममधून भारतीय कंपनीत मर्जर होऊन शेअरच्या बदल्यात शेअर मिळाले तर त्या वेळी कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स) लागत नाही, जुनी किंमत आणि जुनी तारीख पुढे चालते. पण स्कीम नसताना नुसतीच अदलाबदल केली, ज्याला स्वॅप म्हणतात, तर ती विक्रीच धरतात. हातात एक रुपया रोख आलेला नसतो आणि टॅक्स मात्र रोखीत भरायचा. तेव्हा "शेअर मिळणार" असं ऐकलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: स्कीममधून की स्वॅप?

आणि स्वॅपमध्ये परदेशी कंपनीचे शेअर मिळाले तर दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायचे, विकले नाहीत तरी. हे विसरू नका, ब्लॅक मनी कायद्याखाली दंड १० लाखांपर्यंत जातो.

तुमची कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर मामला वेगळा. सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांनुसार कोणी २५ टक्क्यांची हद्द ओलांडली की त्याला आणखी किमान २६ टक्क्यांसाठी ओपन ऑफर, म्हणजे बाकी शेअरधारकांना शेअर विकत घ्यायची जाहीर ऑफर, द्यावी लागते, आणि तुमच्या डीमॅटमधले शेअर तुम्ही १० कामकाजाच्या दिवसांच्या मुदतीत त्यात देऊ शकता. पुढे मी अनलिस्टेड कंपनीबद्दलच बोलतोय, स्टार्टअपवाल्यांचा प्रश्न तोच असतो.

३. पंगत कशी बसते ते समजून घ्या

हे नीट वाचा, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे इथे गेले.

१८० कोटी ही बातमीतली किंमत. त्यातून आधी कर्ज फेडलं जातं, बँकर आणि वकिलांची फी जाते. आमच्याकडे १५ कोटी कर्ज आणि ५ कोटी खर्च, उरले १६०. मग पहिल्या पंगतीला बसतात इन्व्हेस्टर. त्यांच्याकडे साधे शेअर नसतात, प्रेफरन्स शेअर असतात, आणि करारात लिक्विडेशन प्रेफरन्स नावाचं कलम असतं: कंपनी विकली की आमचे घातलेले पैसे आधी काढून द्या. आमच्या इन्व्हेस्टरांनी ७० कोटी घातले होते, ते त्यांनी उचलले. राहिले ९० कोटी.

आता दोन तऱ्हा. काही करारांत इन्व्हेस्टरला निवड करावी लागते, एकतर घातलेले पैसे परत घे नाहीतर सगळ्यांसारखा वाटा घे. याला नॉन-पार्टिसिपेटिंग म्हणतात आणि हे आपल्याला परवडतं. दुसऱ्या तऱ्हेत, पार्टिसिपेटिंगमध्ये, पहिल्या पंगतीत पोटभर जेवून तोच माणूस शेवटच्या पंगतीलाही पान मांडून बसतो. आमचं हेच होतं. ९० कोटी भागिले पूर्ण ५० लाख शेअर, म्हणजे १८० रुपये. माझ्या ट्रेनमधल्या हिशोबाच्या बरोब्बर निम्मे.

हा वाटप-तक्ता, ऑफिसात सगळे वॉटरफॉल म्हणतात, तुम्हाला कोणी आपणहून पाठवणार नाही. पण फायनान्सला मेल टाकून "साध्या शेअरला शेअरमागे किती बसतात आणि कुठल्या आधारावर" एवढं विचारायला काही हरकत नाही, उत्तर मिळतं. भीड ठेवू नका. आमच्यातल्या एका मुलीने विचारलं म्हणून आम्हा चाळीस जणांना कळलं, बाकी आम्ही सगळे वडापाव खात अंदाज बांधत होतो.

४. व्हेस्ट न झालेल्यांचं काय होणार

ईसॉप स्कीमचं डॉक्युमेंट काढा (ग्रँट लेटर नव्हे, त्यामागची वीस-पंचवीस पानांची स्कीम) आणि त्यात "चेंज ऑफ कंट्रोल" शोधा. चार शक्यता: ऑप्शन रद्द, नवीन कंपनीचे ऑप्शन बदली मिळणार, ठरलेल्या तारखांना त्याऐवजी रोख मिळत राहणार, किंवा अॅक्सिलरेशन म्हणजे सगळे लगेच पिकणार. अॅक्सिलरेशनमध्येही सिंगल ट्रिगर आणि डबल ट्रिगर असतं. सिंगलमध्ये नुसती कंपनी विकली गेली की पुरे, डबलमध्ये कंपनी विकली जाणं आणि त्यानंतर ठरावीक काळात तुम्हाला काढून टाकणं, दोन्ही व्हावं लागतं. डबल ट्रिगरवाल्याने डील झाल्या झाल्या स्वतःहून राजीनामा दिला तर तो हक्क गेला.

स्कीममध्ये बरेचदा "बोर्ड ठरवेल तसं" असंच लिहिलेलं असतं. माझ्या स्कीममध्ये तसंच होतं आणि बोर्डाने ठरवलं की १,५०० रद्द, त्याऐवजी दोन वर्षं टिकलात तर रिटेन्शन बोनस. बोनस हा पगार आहे, शेअरचा पैसा नाही. एचआर दोन्हीची बेरीज करून एकच मोठा आकडा पत्रात दाखवतं, तो आकडा बघून सही करू नका, दोन्ही वेगळे करून मागा.

नोकरी सोडून गेलेल्यांसाठी: बऱ्याच स्कीममध्ये सोडल्यावर ९० दिवसांत वगैरे एक्सरसाइज नाही केलं तर व्हेस्ट झालेलेही बुडतात. डीलची कुणकुण असताना दुसरीकडे ऑफर आली तर आधी हे कलम वाचा मग राजीनामा टाका.

५. टॅक्स, दोन वेळा लागतो

पहिल्यांदा एक्सरसाइज करताना. त्या दिवशीची शेअरची किंमत वजा तुम्ही भरलेली किंमत, एवढी रक्कम पगारात धरतात, स्लॅबप्रमाणे टीडीएस. अनलिस्टेड कंपनीची ही किंमत मर्चंट बँकर काढून देतो. दुसऱ्यांदा विकताना, विक्री वजा त्या एक्सरसाइजच्या दिवशीची किंमत, यावर कॅपिटल गेन. अनलिस्टेड शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर लाँग टर्म, २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. २४ महिन्यांच्या आत विकला तर स्लॅबप्रमाणे. २४ महिने मोजायचे ते शेअर अलॉट झाला त्या तारखेपासून, ग्रँटपासून नाही, यात भलेभले चुकतात.

माझ्यासारखे बहुतेक जण डीलच्याच दिवशी एक्सरसाइज करतात आणि त्याच दिवशी विकतात, कॅशलेस म्हणतात त्याला, खिशातून काही भरावं लागत नाही. सोयीचं आहे पण महाग. १८० वजा १०, शेअरमागे १७० रुपये, सगळेच्या सगळे पगार. ४,५०० चे झाले ७,६५,०००, जुन्या रिजीममध्ये ३० टक्के स्लॅब आणि वर सेस धरून ३१.२ टक्के, म्हणजे २,३८,६८० टॅक्स.

आमच्याच टीममधल्या एकाने तीन वर्षांपूर्वी २,००० ऑप्शन एक्सरसाइज केले होते, तेव्हा किंमत ६० होती. त्याने तेव्हा २०,००० भरले आणि शेअरमागे ५० रुपयांवर ३१,२०० टॅक्स. आता विकताना १२० रुपये लाँग टर्म, सेस धरून १३ टक्के, पुन्हा ३१,२००. एकूण ६२,४००. तेच २,००० त्याने माझ्यासारखे शेवटच्या दिवशी घेतले असते तर १,०६,०८० गेले असते.

म्हणून लगेच सगळ्यांनी लवकर एक्सरसाइज करा असं मी म्हणणार नाही. कंपनी बुडाली असती तर त्याचे ५१,२०० बुडाले असते, टॅक्स परत मिळत नाही. किंमत कमी असताना, परवडतील तेवढेच घ्या, घराचा हप्ता थांबवून नको.

आणखी तीन बारीक गोष्टी. एक्सरसाइजच्या वेळचा टॅक्स पुढे ढकलायची सवलत सगळ्या स्टार्टअपना नसते, सरकारचं खास सर्टिफिकेट असलेल्या मोजक्यांनाच असते, आणि तिथेही शेअर विकले की १४ दिवसांत टॅक्स द्यावा लागतो. दुसरं, कॅपिटल गेनवर कंपनी टीडीएस कापत नाही, अॅडव्हान्स टॅक्स तुम्हीच भरायचा, ऑगस्टमध्ये पैसे आले तर १५ सप्टेंबरच्या हप्त्यापासून. तिसरं, त्या वर्षी आयटीआर-१ चालत नाही. खरं तर अनलिस्टेड शेअर नुसते हातात असले तरी चालत नाही, आयटीआर-२ भरा.

मोठी रक्कम मिळाली आणि घर घ्यायचंय? लाँग टर्म गेन असेल तर ५४एफची सवलत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम) विचारा. विक्रीची पूर्ण रक्कम (नुसता नफा नव्हे) घरात घातली तर गेन माफ, कमी घातली तर त्या प्रमाणात. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत खरेदी, बांधकाम असेल तर तीन वर्षं, आणि शेअर विकल्याच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त दुसरं घर नको. घोडबंदर रोडच्या अंडर कन्स्ट्रक्शन टॉवरमध्ये बुकिंग करणाऱ्यांनी ती तीन वर्षं बिल्डरच्या नाही, कॅलेंडरच्या हिशोबाने मोजावीत.

६. कागद जमवा, आजच

डील जाहीर झाली की सही करायला चार-पाच दिवस मिळतात, तेव्हा शोधाशोध करत बसू नका. लागतं ते असं:

- सगळी ग्रँट लेटर आणि ईसॉप स्कीम
- पोर्टलवरून व्हेस्टिंगचं स्टेटमेंट, पीडीएफ करून (पोर्टल बंद होतं!)
- एक्सरसाइजचा अर्ज आणि पैसे भरल्याची बँक एंट्री
- त्या वर्षाचा फॉर्म १६ आणि १२बीए (पगाराबरोबर मिळालेल्या इतर लाभांचा तक्ता), आणि मर्चंट बँकरचा व्हॅल्युएशन रिपोर्ट. तुमची खरेदी किंमत सिद्ध करणारा कागद हाच
- शेअर सर्टिफिकेट किंवा डीमॅट स्टेटमेंट
- डीमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद), पॅन, आधार, कॅन्सल चेक

नावाचं स्पेलिंग पॅन, डीमॅट आणि सर्टिफिकेटवर एकच आहे ना बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या आमच्या दोघीजणींचं याच कारणाने शेवटच्या दिवसापर्यंत अडकलं होतं.

७. डीमॅट

खासगी कंपन्यांनाही (अगदी छोट्या सोडून) आता शेअर डीमॅट करावे लागतात, शेवटची मुदत ३० जून २०२५ होती. तुमच्याकडे अजून कागदी सर्टिफिकेट असेल तर डीमॅट रिक्वेस्ट फॉर्म आणि ओरिजिनल सर्टिफिकेट ब्रोकरकडे द्या, लगेच होईल असं धरू नका. विक्रीच्या दिवशी ऑफ मार्केट ट्रान्सफर (शेअर बाजाराबाहेर, थेट एका डीमॅटमधून दुसऱ्यात) करायची असते. माझ्या मित्राच्या ब्रोकरला त्यासाठी कागदी डिलिव्हरी स्लिपच लागली आणि त्याच्याकडे ते स्लिपबुकच नव्हतं, मागवण्यात चार दिवस गेले. आधीच मागवून ठेवा.

८. सही करण्याआधी

ड्रॅग-अलाँग कलम असेल तर मोठ्यांनी विकलं की तुम्हालाही विकावंच लागतं, त्याच भावाला. तेव्हा भांडून भाव वाढत नाही. वाचायचं असतं ते तुमच्यावर काय जबाबदारी येते ते. तुम्ही हमी द्यायची ती फक्त "हे शेअर माझे आहेत, कुठे गहाण नाहीत" एवढीच. कंपनीचे टॅक्स, कोर्टकेस, ग्राहकांचे वाद याची हमी कर्मचाऱ्याने का द्यायची? आणि जास्तीत जास्त जबाबदारी तुम्हाला मिळालेल्या रकमेएवढीच हवी. आमच्या पहिल्या मसुद्यात ही मर्यादा नव्हती, दहा-बारा जणांनी मिळून लिहिलं तर दुसऱ्या मसुद्यात आली.

पॉवर ऑफ अॅटर्नी मागतील. फक्त या एका डीलपुरती आहे ना आणि मुदत लिहिली आहे ना, बघा. आम्ही कोर्टनाक्याला नोटरी केली तेव्हा १०० चा स्टॅम्प पेपर चालला, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान ५०० चा लागतो.

९. एस्क्रो

सगळे पैसे एकदम येत नाहीत. काही भाग एस्क्रो खात्यात (तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) अडकवतात, नंतर काही घोळ निघाला तर विकत घेणाऱ्याने त्यातून वळते करायचे. आमच्याकडे १५ टक्के, एक वर्ष. माझ्या ८,१०,००० मधले १,२१,५०० तिकडे. म्हणून आठ लाख दहा हजारातून एक्सरसाइजचे ४५,०००, टॅक्स आणि एस्क्रो वजा होऊन ते चार लाख चार हजार.

यातली खुपणारी गोष्ट: टीडीएस भाव पूर्ण १८० रुपये धरूनच कापला जातो, एस्क्रोतले पैसे मिळोत न मिळोत. ज्यांचा कॅपिटल गेन आहे त्यांना थोडा आधार आहे, मुंबई हायकोर्टाने २०२२ मध्ये म्हटलंय की एस्क्रोतून परत गेलेली रक्कम मिळालीच नाही तर गेन तेवढा कमी धरायचा. पण पगार म्हणून लागलेला टॅक्स लागलाच. कमी पडलेली रक्कम माझ्या हिशोबात शॉर्ट टर्म लॉस म्हणून येते, जी दुसऱ्या कॅपिटल गेनमधूनच वजा होते, आणि माझ्याकडे दुसरा गेनच नाही.

एस्क्रोच्या फॉर्मवर पर्सनल ईमेल आणि असं बँक खातं द्या जे पुढची दोन वर्षं बंद करणार नाही. आमच्यातल्या तिघांनी ऑफिसचा मेल दिला होता, तो डोमेन नव्या मालकाने सहा महिन्यांत बंद केला, आणि वर्षभराने त्यांना पैसे सुटल्याचं आमच्या ग्रुपवरून कळलं. माझे सप्टेंबर २०२५ मध्ये आले, एका ग्राहकाचा क्लेम वजा होऊन ९७,२००.